डांबर संपतं तिथे

माझ्या पडद्यावर बाबांचं एक वर्ष आहे,
काही हजार ठिपक्यांचं.
माणूस चढला तिथे लाल, उतरला तिथे निळा.
प्राध्यापिका म्हणतात, ठिपक्यांना नावं नसतात.
मला काही ओळखू येतात.

हा लाल पुंजका नारनतूल बाजाराचा.
रविवारी तिथून निघणाऱ्या बायका
मागच्या सीटवर गालिच्याची गुंडाळी उभी धरून बसतात
आणि भाड्यात घासाघीस करत नाहीत,
कारण गालिचा बसमध्ये मावत नाही.
ही निळी रांग दवाखान्याची, सकाळी सातची.
हे झाइसनचे काचेचे टॉवर.
तिथे खाली दुकान नाही, बसथांबा टेकडीपलीकडे,
म्हणून दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा टॅक्सी.
आणि इथे, रशियनांनी बांधलेल्या चौमजली इमारतींमध्ये,
जवळजवळ काहीच नाही.
तिथे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर:
पाव, न्हावी, शाळा, भांडायला माणूस.
"असल्या वस्तीत टॅक्सीवाला उपाशी मरेल,"
बाबा म्हणतात.
राहायचं मात्र त्यांना तिथेच आहे.

उत्तरेला, चिंगेलतेईच्या उतारावर,
निळ्या ठिपक्यांची एक जाड कड आहे,
कुणी पट्टी लावून आखावी तशी.
प्राध्यापिकांनी तिच्यावर पेन टेकवलं.
"इथे काय आहे? नदी? भिंत?"
डांबर संपतं, मी म्हटलं.

पुढे चढ, गोठलेलं सांडपाणी, कुत्री,
फळ्यांची कुंपणं, त्यांच्या आत नमद्याचे गोल गेर,
पाण्याच्या टपरीपाशी ढकलगाड्यांची रांग.
गल्ली एका गाडीपुरती. समोरून दुसरी आली
तर कुणीतरी अर्धी टेकडी उलटं उतरायचं.
म्हणून या शहरातली प्रत्येक जुनी प्रियुस
शेवटच्या दिव्याच्या खांबाला वळसा घालते.
माणसं उतरतात, कोळशाच्या विटांचं पोतं
खांद्यावर घेतात, धुरात शिरतात.
ठिपका खांबापाशीच पडतो.
पुढची वीस मिनिटं कुणाच्याच हिशेबात नाहीत.

कडेच्या वर, कोऱ्या जागेत,
एकच निळा ठिपका आहे.
"उपग्रहाची चूक. काढून टाक."
ती चूक बुदहांदबाईंची.
जानेवारीत, उणे एकतीसमध्ये,
त्या बाजारातून शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या,
कारखान्यातलं, बिडाचं, पायासकट.
खांबापाशी बाबांनी गाडी थांबवली,
मशीनकडे पाहिलं, मग बाईंच्या बुटांकडे,
आणि पहिला गिअर नसलेल्या त्या गाडीला
तोंडाने गिअर घालत वर गेले.
भाडं चार हजार तुग्रुग.
दगडावर फाटलेल्या सायलेन्सरचे ऐंशी हजार.
आईने तो हिशेब अजून मिटवलेला नाही.

एरवी बाबासुद्धा गाडी खांबाखालीच ठेवतात.
रात्री बॅटरी काढून, थंडीत मरू नये म्हणून
डगल्याच्या आत कोकरासारखी धरून
चढत येतात.
परवा त्यांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला.
"आपलं घर कुठे यात?"
मी कडेच्या दोन बोटं वर दाखवलं.
"इथे तर काही नाही."
"मीटर बंद असतं ना तुमचं."
"हं," म्हणाले, आणि बॅटरी चुलीपासून जरा दूर सरकवली.

तो एक ठिपका मी काढला नाही.
पण अहवालातलं वाक्य मीच टाइप केलंय:
उत्तरेकडील वस्तीत टॅक्सीची मागणी नगण्य.
आई ते मोठ्याने वाचते,
"नगण्य"वर थांबते, पुन्हा वाचते,
मग बुटांना सुतळी गुंडाळते, बर्फात घसरू नये म्हणून,
आणि रिकामे कॅन ढकलगाडीवर चढवते.